स्टेअरिंगवरचा फडका

सांगली, कार्तिक वद्य तृतीया, शके १८६८

चि. सौ. चारुलता हिस गोदावरीचा आशीर्वाद.

तुझी पाचही पत्रं पोचली. टपालवाला ओट्याशी हाक मारतो आणि ओट्यावर मीच बसलेली असते, तेव्हा पाचही माझ्याच हातात पडली. त्यांतली चार गोपूच्या नावाची होती, ती मी त्याला दिलेली नाहीत. मिरजेच्या इस्पितळातून तो परवा घरी आला. उजवा पाय घोट्याच्या वर कापला आहे. रात्रभर त्या नसलेल्या पायाची बोटं ठणकतात म्हणून कण्हत असतो. अशा माणसापुढे सासुरवाडीचं टपाल नेऊन ठेवायला मी काही त्याची वैरीण नाही.

पाच पत्रं आणि टुमणं एकच. मी फडका बांधला होता, मी आईंना सांगितलं होतं, त्यांना विचारा. अगं, सातारला बापाच्या घरी बसून कागद काळे करायला काय जातं? उचलली जीभ लावली टाळ्याला! तू विचारतेसच तर काय घडलं ते मी लिहिते, म्हणजे तुझ्या डोक्यात घट्ट बसेल.

गोपूनं बेळगावच्या एका निघून चाललेल्या साहेबाकडून ती तांबडी गाडी आणली. दोनच माणसांची गाडी, आणि घरात माणसं तीन. तो चालवायचा, शेजारी तू बसायचीस. मी दाराशी उभी राहून धूळ खायची. त्या गाडीच्या पोटात दोन तोंडं आहेत, त्यांतून ती श्वास घेते. दोन्ही तोंडांना जोडणारी एक सळई आहे, पायाखालची पट्टी दाबली की त्या सळईनं दोन्ही तोंडं एकदम उघडावी लागतात. एक आधी आणि एक मागून उघडलं तर गाडीला ठसका लागतो. साहेबानं दिलेलं इंग्रजी पुस्तक तू वाचलंस, कारण तुझे वडील विष्णुपंत सायन्सचे मास्तर. पदर खोचून, हात काळे करून सळई बसवायला तू शिकलीस. सांगलीतल्या कुठल्या सुनेनं असं केलं होतं?

तुझा नियमही तूच केलास. काम अर्धवट असेल तर तेलकट फडका स्टेअरिंगला बांधायचा. फडका आहे तोवर गाडीला हात लावायचा नाही, फडका नाही म्हणजे काम झालं. गोपूनं ते वेदवाक्य मानलं.

खंडेनवमीच्या सकाळी तू सळई सोडून बसली होतीस. मी पूजेचा पाट मांडला आणि तुझ्या हातातला पाना मागितला. तू म्हणालीस, "दोन नट राहिलेत, आई. नुसते बोटांनी फिरवलेत, तेवढे आवळू द्या." मी म्हटलं, मुहूर्त टळतोय, आण इकडे. या घरात तलवारीपासून अडकित्त्यापर्यंत सगळं पाटावर जातं आणि एकदा गेलं की दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही. यात माझं काय चुकलं सांग. संध्याकाळी तुला कावळा शिवला आणि तू मागच्या खोलीत जाऊन बसलीस.

दसऱ्याला गोपू खाली आला. स्टेअरिंगवर फडका नव्हता. त्यानं गाडी काढली.

फडका मी काढला म्हणतेस? मी फडका पाहिलासुद्धा नाही. स्टेअरिंगवर झेंडूची माळ होती, ती मी घातली, हे मी कुणालाही सांगेन. मागच्या खोलीतून मला तीनदा ओरडून सांगितलंस म्हणे, की नट सैल आहेत, आज गाडी काढू देऊ नका. अगं, मला ऐकू येत नाही हे तुला ठाऊक नाही? दारात बोहारीण कोकलत असते आणि मला पत्ता नसतो.

हरिपूरच्या रस्त्याला चिंचांखाली ती सळई निसटली आणि एक तोंड उघडं ते उघडंच राहिलं. गोपूनं पाय उचलला तरी गाडी पळतच होती. मी शेजारी बसले होते, मी पाहिलं. माझा हात खांद्यातून निखळला. त्याचा पाय गेला.

तुला परत नांदायला यायचं आहे, ते कळतं मला. सोळाव्या दिवशी गोपू शुद्धीवर आला तेव्हा पहिलं वाक्य काय बोलला ठाऊक आहे? "फडका नव्हता, आई." त्यानंतर तो तुझं नाव काढू देत नाही. तुला बोलवायचं की नाही ते तो ठरवील. त्याच्या कानावर काय घालायचं ते मी ठरवीन.

गोदावरी

*

सांगली, पौष शुद्ध एकादशी

चि. सौ. चारुलता हिस आशीर्वाद.

मार्गशीर्षात तू वडलांना घेऊन आलीस आणि गणपतीच्या देवळात दुपारभर बसून राहिलीस. विष्णुपंत एकटेच घरी आले, त्यांना मी ओट्यावर पाणी दिलं. गोपू झोपला आहे म्हणून सांगितलं. तो जागा होता, पण ते महत्त्वाचं नाही. तू येऊन गेलीस हे त्याला अजून माहीत नाही, आणि तूही पुन्हा असले तमाशे करू नकोस. देवळातले गुरव मला विचारतात, सूनबाई घरी न जाता इथं का बसल्या होत्या? मी काय उत्तर देऊ?

आज लिहायचं कारण वेगळं आहे. जोतीराम आटपाडीहून परत आला. चार वर्षं लढाईत मिसर देशात ट्रका दुरुस्त केलेला गडी, म्हणून गोपूनं त्याला ड्रायव्हर ठेवला होता, आणि नेमका दसऱ्याला तो आपल्या मेंढरांत गेलेला. आल्या आल्या त्यानं गोठ्यात टाकलेली गाडी बाहेर ओढली. मी म्हटलं, भंगारात घाल तिला. तर गोपू लाकडी पायावर लंगडत अंगणात आला! तीन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून उठला गं.

जोतीराम त्याला म्हणाला, "दादासाब, पायाचं काम हातावं घिऊ. स्टेरिंगच्या बुडाला एक दांडी काढतो, तिची तार थ्रॉटलाच्या सळईला जोडतो. बिरेक लाकडी पायानं बी दाबाय येतो. तुमी हातानं दांडी वढायची, गाडी पळतीया का न्हाई बगा."

गोपूच्या तोंडावर जे हसू आलं ते पाहून मला रडूच फुटलं. त्या दिवसापासून दोघं अंगणातच असतात. मोडलेलं सरळ केलं, दांडी बसवली, पण त्या दोन तोंडांचा मेळ काही बसेना. गाडी सुरू होते, चार ठसके देते, मरते. जोतीराम ट्रकांचा माणूस, ट्रकेला एकच तोंड. काल वैतागून म्हणाला, "ह्ये वैनीसाबांचं काम हाय." गोपूनं हातातला पाना फेकला आणि आत निघून गेला. रात्री जेवला नाही.

तेव्हा तू ते कसं करायचीस ते सविस्तर लिहून पाठव. इंग्रजी शब्द कमी घाल. पत्र माझ्या नावानं पाठव. नीट लिहिलंस तर योग्य वेळ पाहून तुझं नाव त्याच्या कानावर घालीन.

गोदावरी

*

सांगली, फाल्गुन वद्य पंचमी

चि. सौ. चारुलता हिस आशीर्वाद.

तुझं आठ पानी पत्र मिळालं. त्यातली दीड पानं कामाची होती. "आधी मधल्या सळईचे दोन्ही नट सैल करावेत. दोन्ही झडपा आपापल्या जागी पूर्ण मिटू द्याव्यात. गाडी सुरू करून रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं आधी एका तोंडाशी, मग दुसऱ्या तोंडाशी धरावं. दोन्ही स्टो एकाच आवाजात फुसफुसतात तसं ऐकू आलं पाहिजे. तसं झालं की सळई न हलवता नट आवळावेत." एवढं सरळ तुला लिहिता येतं, मग बाकीची साडेसहा पानं अश्रू कशाला?

तुझं पत्र मी त्यांना दाखवलं नाही. मी नुसती अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हटलं, अरे, ती हे असं असं करायची, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघत होते. खोटं नाही ते. दोन वर्षं बघत होतेच की.

आधी गोपूनं नळी कानाला लावली. त्याला दोन्ही आवाज सारखेच वाटले. जोतीरामाचे कान लढाईत तोफांनी गेले. मी म्हटलं, आण इकडे. लावली नळी. अगं, किती सोपं आहे ते! डावीकडचं तोंड बारीक शीळ घालत होतं आणि उजवीकडचं नुसतं सुस्कारे टाकत होतं. मी सांगत गेले, डाव्याला थोडं मिट, अजून थोडं, आता पुरे. जोतीराम म्हणाला, "आईसाब, आता आवळू?" मी म्हटलं, आवळ. आणि काय सांगू, गाडी अशी काही चालली, ठसका नाही, खोकला नाही. गोपू हातानं दांडी ओढत होता आणि आवाज चढत होता, उतरत होता. तो मला म्हणाला, "आई, तुझा कान गं!" बत्तीस वर्षांत माझ्या मुलानं माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं.

तेव्हा आता तुझ्या कानाची तशी गरज राहिलेली नाही. तुला वाईट वाटेल, पण खरं ते सांगितलेलं बरं.

बाकी ठीक. उन्हाळा चढलाय, तरी न्हायला ऊन पाणी लागतंच. सरपण महाग झालंय आणि येतं तेही ओलं. बंब पेटता पेटत नाही, धुरानं डोळे जातात. तेलकट फडका घातला की कसा भडकतो, दसऱ्याला सकाळी चुटकीसरशी पाणी कढलं होतं. तसले फडके रोज कुठून आणायचे?

तुझं नाव अजून काढलं नाही. वेळ बरी नव्हती.

गोदावरी

*

सांगली, वैशाख शुद्ध नवमी, शके १८६९

चारुलता,

तुझं पत्र वाचून अंगाची लाही झाली. मी बंबाचं एक वाक्य काय लिहिलं, तू ते धरून बसलीस! "तेलकट फडका दसऱ्याच्या सकाळी बंबात गेला, म्हणजे तुम्हीच तो काढलात." आणि वर "नळीतली शीळ ऐकू येते, मग माझी हाक कशी ऐकू आली नाही?" वा गं वा, वकिलीण बाई! घरात फडका काय एकच होता? सासूला कोंडीत पकडायला शिकवलं का तुझ्या सायन्सच्या मास्तरांनी? माझं कधी ऐकू येतं, कधी येत नाही. म्हातारपण आहे, असंच असतं ते.

ही सगळी अक्कल तुझ्यापाशीच ठेव. इकडे त्या जोतीरामानं आधीच घोळ घातला आहे. जुनी सळई त्यानं जपून ठेवली होती. परवा ती गोपूच्या हातात दिली आणि म्हणाला, "दादासाब, ह्ये सळईचं आटं बगा. कुटं बी पान्याचा वळ न्हाई. नट नुसता बोटानं फिरवल्याला. वैनीसाब असं काम टाकून जात न्हाईत. आन गेल्या आसत्या तर फडका बांदला आसता त्येंनी. माजी पैज हाय." तू त्याला पत्र लिहिलंस काय? लिहिलं असशील तर कुणाकडून वाचून घेतलं त्यानं? खरं सांग.

गोपू तासभर ती सळई हातात फिरवत बसला. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला. लाकडी पायाचा आवाज आता मला झोपेतही ओळखू येतो. म्हणाला, "आई, त्या दिवशी स्टेअरिंगला फडका होता का गं? तू माळ घातलीस ना? तुला दिसला असेल." मी भाकरी थापत होते, मान वर केली नाही. म्हटलं, असता तर सांगितलं नसतं का तुला? तो म्हणाला, "ती जेवायला विसरेल, पण फडका विसरायची नाही." आणि उभाच राहिला. माझी भाकरी करपली.

मला भीती वाटली. लिहिते ते, वाच. तुला काय वाटतं, गावात लोक काय बोलतात? सळई, नट, फडका यातलं कुणाला काही कळत नाही. ते म्हणतात, दसऱ्याच्या दिवशी विधवा पुढे बसली, दुसरं काय व्हायचं? माझ्या तोंडावर म्हणतात. चोळखणाच्या दुकानात म्हणतात, घाटावर म्हणतात. सतरा वर्षं मी पांढरं कपाळ घेऊन दाराआड उभी राहिले. लग्नात मागे, मुंजीत मागे, हळदीकुंकवाला तर आतल्या खोलीत. एकाच दिवशी माझा मुलगा म्हणाला, "चल आई, आज तू बस." एकाच दिवशी! वारा असा तोंडावर येत होता, आणि चिंचांची सावली अंगावरून जात होती. मी हसले होते गं. कितीतरी वर्षांनी मोठ्यानं हसले होते. आणि पुढल्या वळणाला ते झाड.

आता तुझ्यावरचा दोष गोपूच्या मनातून निघाला तर तो कुणाच्या कपाळी येऊन बसेल? तू तरुण आहेस, सवाष्ण आहेस, बाप जिवंत आहे. तू सोसशील.

इतक्यात पत्र लिहू नकोस.

गोदावरी

*

सांगली, अधिक श्रावण वद्य चतुर्थी

चि. सौ. चारुलता हिस अनेक आशीर्वाद.

परवा विष्णुपंत अधिक महिन्याचं जावयाचं वाण घेऊन आले. तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन. या वेळी मी त्यांना ओट्यावर ठेवलं नाही, माजघरात पाट दिला, जेवायला वाढलं. अनारसे जाळीदार झाले होते, तूच केलेस म्हणाले. गोपूनं दोन खाल्ले. कुणी केले ते त्यानं विचारलं नाही, पण तिसरा हातात घेऊन बराच वेळ बसला होता. माझ्यासमोर सासरा-जावई बोलले नाहीत. मात्र निघताना गोपूनं वाकून नमस्कार केला. तुला हे वडलांनी सांगितलंच असेल.

मागच्या पत्रात मी फार बोलले. रागाच्या भरात बोलते मी, मनात नसतं. तुझंही वय आहे का बापाच्या घरी कुढत बसायचं? आपल्या दोघींचं माणूस एकच. त्याचं भलं व्हावं एवढंच आपल्याला हवं ना? मी खूप विचार केला, आणि मला एक वाट दिसते.

गोपूचा स्वभाव तुला माझ्याइतकाच माहीत आहे. चुकीला तो क्षमा करतो, हट्टाला नाही. तू इतके महिने पत्रांतून भांडते आहेस, मी बांधला होता, मी सांगितलं होतं. अशानं कुठल्या नवऱ्याचं मन वळतं? त्यापेक्षा साधं लिही. फडका बांधायचा राहून गेला, माझी चूक झाली, मला क्षमा करा आणि जवळ घ्या. एवढंच. कुणाचं नाव नको, कुणाला सांगितलं, कुणी ऐकलं नाही, काही नको. सगळा तंटा एका ओळीत मिटतो. ते पत्र मी स्वतः त्याला वाचून दाखवीन. आणि वाचून झाल्यावर म्हणेन, बोलाव रे तिला. देवाशपथ म्हणेन.

मला ठाऊक आहे, तुला ते कडू लागेल. पण खरं-खोटं उराशी धरून सातारला म्हातारी होणार आहेस, की एक ओळ लिहून आपल्या घरी येणार आहेस? नवऱ्यापुढे मान वाकवली म्हणून कुणाची मान मोडत नाही. मी नाही वाकवली का जन्मभर?

इकडे सगळं गाव झेंडे लावण्यात गुंग आहे. गोपूनंही गाडीला लहानसा झेंडा लावलाय. हाताच्या दांडीवर तो आता घाटापर्यंत जाऊन येतो. शेजारची जागा रिकामी असते. तो मला बस म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

लौकर लिही. ताजं आहे तोवर मन वळतं.

तुझी सासू,
गोदावरी

*

सांगली, भाद्रपद शुद्ध द्वितीया

चि. सौ. चारुलता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, पण असलं नको. "फडका नव्हता असं म्हणतात, तर माझ्याकडूनच राहिला असेल" हे काय लिहिणं झालं? असेल-नसेल, म्हणतात-बिणतात हे कोर्टात. नवरा म्हणेल, ही अजून आढेवेढे घेते आहे. हे पत्र मी त्याला दाखवलं नाही, सोबत परत पाठवते आहे. पुन्हा लिही. "मी फडका बांधायला विसरले" असं सरळ लिही. तुझं ते टपोरं अक्षर या वेळी जरा हललेलं दिसतं, तेवढं सावरून लिही, त्याला ओळखू आलं पाहिजे.

आणि "आईंना मी" म्हणून सुरू करून जे खोडलं आहेस, ते खोडलेलं वाचता येतं. नवा कागद घे.

मागची खोली मी सारवून घेतली आहे.

गोदावरी

*

सांगली, विजयादशमी, शके १८६९

चारुलता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आलं. छान लिहिलं होतंस. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी म्हटलं, नवरात्र होऊ दे, मग दाखवू.

पण काल खंडेनवमीला काय झालं ते ऐक. जोतीराम गाडीचं काम करत होता, पूजेची वेळ झाली, मी पाट मांडला. त्यानं पाना पाटावर ठेवला, खिशातून तेलकट फडका काढला आणि स्टेअरिंगला बांधला. म्हणाला, "वैनीसाबांची रीत हाय, मोडाय नगं." गोपू ते बघत होता. एकदम म्हणाला, "जोतीराम, उद्या पेट्रोल पुरेल का सातारपर्यंत?" जोतीराम म्हणाला, "पुरलं की! न्हाई पुरलं तर मी ढकलत न्हेतो." गोपू मोठ्यानं हसला. वर्षभरात त्याला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. मला म्हणाला, "आई, मी तिला घेऊन येतो. कोण काय म्हणतं ते मला नको. ती फडका विसरलेली नाही हे मला आतून माहीत आहे. त्या दिवशी काय घडलं ते मी तिच्याच तोंडून ऐकणार आहे. फडका तिनंच काढला, दुसऱ्या कुणी काढला, का वाऱ्यानं उडाला, ती सांगेल ते मी मानीन."

तेव्हा मी म्हटलं, अरे, तिचंच पत्र आलंय. थांब, वाचून दाखवते.

मी चष्मा लावला आणि वाचलं. शब्द दिला होता तसं, सगळं, अगदी सावकाश. "मी फडका बांधायला विसरले. चूक माझी आहे. मला क्षमा करा." त्यानं कागद माझ्या हातातून घेतला. खिडकीशी जाऊन पुन्हा वाचला. मग विचारलं, "हे तिनं आपल्या मनानं लिहिलंय?" मी म्हटलं, अक्षर ओळखतोस ना तिचं? तो म्हणाला, "ओळखतो."

त्यानं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "पायाचं मला काही वाटलं नसतं, आई. पण पाच पत्रं लिहून मी बांधला, मी बांधला म्हणणारी बाई एका वर्षानं म्हणते, विसरले. म्हणजे ती तेव्हा खोटं बोलत होती." त्या पाच पत्रांचं त्याला विष्णुपंतांनी सांगितलं असावं, अधिकात आले तेव्हा, दाराशी. मी काही सांगितलं नव्हतं.

मी माझा शब्द पाळला बरं का. दोनदा म्हटलं, बोलाव रे तिला. जोतीराम साक्षीला आहे. गोपूच नको म्हणाला. तुझ्या माहेराहून आलेली खुर्ची, तुझी हार्मोनियम, साहेबाचं ते इंग्रजी पुस्तक, सगळं रेल्वेनं सातारला पाठवायला सांगितलंय. आठ दिवसांत पोचेल. उतरवून घे.

आज दुपारी उत्तरपूजा झाली. जोतीरामानं पाना उचलला, नट आवळले, नळी माझ्या कानाला लावली. दोन्ही तोंडं एका सुरात होती. त्यानं फडका सोडला, माझ्याकडे पाहिलं, आणि आटपाडीच्या गाडीला निघून गेला. पगारही मागितला नाही. असली माणसं, काय करणार?

गोपू गाडीत बसला. आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, बसू का रे? त्यानं मान हलवली. हरिपूरपर्यंत गेलो, त्या चिंचेपाशी त्यानं दांडी हळू केली, मग पुन्हा ओढली. वाटेत घाटावरच्या बायकांनी मला पुढे बसलेली पाहिलं, आणि आज एकीच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. सुनेनं स्वतः कबूल केलंय, हे मी सकाळीच सगळीकडे सांगून आले होते.

तो रस्ताभर बोलला नाही. बोलेल हळूहळू.

पाकिटात आपट्याची दोन पानं घातली आहेत. एक विष्णुपंतांना दे. सोनं घे, सोन्यासारखी राहा.

गोदावरी